दत्ता, तुझ्या प्रोग्रामला मी हात लावला

दत्ता, तुझ्या दहाव्याला एका कावळ्यानं मला अडचणीत आणलं, ते आधी सांगते. रडणं वगैरे मागनं बघू.

नीरेच्या काठावर ऊन चढलं होतं. पिंड ठेवून आम्ही सगळे मागं सरकलो. कावळे समोरच्या लिंबावर बसून होते, पण खाली यायचं नाव घेईनात. मग नेहमीप्रमाणे शब्द द्यायला सुरुवात झाली. तुझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आईला अंतर देणार न्हाय." कावळे ढिम्म. तुझा मेव्हणा म्हणाला, "पोरीला पाहिजे तेवढं शिकवू." तरी ढिम्म. तुझी बायको रेखा पोरीला जवळ धरून उभी होती. मी तर असलं काही मानत नाही, तुला ठाऊकच आहे. मी चपला कुठं काढल्या ते आठवत उभी होते. तेवढ्यात आपल्या पाणी संस्थेचे सेक्रेटरी आबा पुढं झाले, टोपी काढली, हात जोडले आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दत्ता, तुझ्या प्रोग्रामला कोण हात लावणार न्हाय. मी हाय तवर न्हाय. जा आता निवांत."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, तसं झालं. आबांचं बोलणं संपलं आणि कावळा पिंडावर उतरला. सगळं गणगोत हुश्श झालं. आणि मग त्या सगळ्या गणगोतानं वळून माझ्याकडं बघितलं.

बघणारच. गेली कित्येक वर्षं संस्थेच्या प्रत्येक सभेत मी एकच गोष्ट बोलत आले होते, की पाण्याच्या पाळ्या लावणारा हा कॉम्प्युटरचा प्रोग्राम आता पाडा आणि नीट बांधा. तू शेजारी बसून हसायचास आणि चहाचा कप माझ्यापुढं सरकवायचास. आता तू गेलास आणि गावाच्या मनात बसलं की दत्ताचा जीव प्रोग्रामात अडकला होता, आणि तो सुलभा म्याडमच्या हातनं वाचावा म्हणून अडकला होता.

वरनं बघत असशील तर हसत असशील. हस.

आपलं भांडण सुरू झालं तो दिवस तुला आठवत असेल. इंदापूरला डिप्लोमा करून आपण बारामतीत भिगवण रोडला ते गाळ्यातलं दुकान टाकलं होतं. कुणाच्या दुधाच्या डेअरीचा हिशोब, कुणाच्या लॅबचे रिपोर्ट, असली कामं करत होतो. मग तुझ्याच गावच्या उपसा संस्थेचं काम आलं. नदीवरनं मोटारी पाणी उचलणार, पाइपातनं ते माळावर जाणार, आणि कुणाच्या रानाला कधी किती तास पाणी ते आपल्या प्रोग्रामनं ठरवायचं, आदल्या दिवशी मोबाइलवर मेसेज टाकायचा, म्हणजे माणूस खोरं घेऊन दारं धरायला, सरीसरीत पाणी वळवायला, रानात हजर. आबांनी सभासदांच्या नावांचा कागद आणला. मी म्हणाले, "नावाला पाळी बांधू नकोस. जमिनीला बांध. गट नंबर घे. माणसं येतात जातात, जमीन कुठं जाते?"

तू म्हणालास, "आगं सुले, गट नंबर गोळा करायला तलाठ्याच्या दारात महिना जाईल. उद्या पाणी सोडायचंय. नाव हाय, मोबाइल हाय, झालं की. मागनं करू नीट."

मागनं. हा तुझा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की तुझ्या आवाजातच तो मला ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं, हे खरं. माळावरच्या लोकांनी तुला फेटा बांधला. मला नारळ दिला. मी त्या नारळाची चटणी केली आणि तुला डब्यात आणून दिली, आणि तू ती खाताना म्हणालास की चटणी झकास झालीय, फक्त गट नंबर कमी पडलाय. असा होतास.

मग माळावरचे एक सभासद, सोपानतात्या, वारले. संस्थेचा नियम तुला पाठ होता: सभासद गेला की वारसाची नोंद सातबाऱ्यावर होईपर्यंत पाळी बंद. प्रोग्रामही नियमाप्रमाणंच चालत होता. 'मयत' अशी खूण केली की नाव पाळीतनं गळायचं. त्यांच्या कारभारीण कौसाबाई उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या दुकानात आल्या. वारसनोंदीला अर्ज दिला होता, पण ती काय आठ दिवसांत होते? त्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माणूस गेला त्ये गेला. उसानं काय पाप केलंय?"

मी त्यांना सांगत होते की नियम बदलावा लागेल, सभेपुढं विषय मांडू, मग प्रोग्राममध्ये तशी सोय करू. मी बोलत होते तोवर तू खुर्ची ओढलीस आणि काहीतरी टाइप केलंस. मेलेल्या माणसाच्या नावापुढं एक चांदणी टाकली की प्रोग्राम त्याला जिवंत धरणार. एवढंच. चांदणी का, तर त्यात आकाशातल्या ताऱ्यांचं वगैरे काही नव्हतं, तुझ्या बोटाला ती कळ जवळ होती. कौसाबाई निघायच्या आत सोपानतात्या जिवंत झाले. पुढच्याच पाळीला त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला आणि ऊस भिजला.

त्या संध्याकाळी आपण कडाक्याचं भांडलो. मी म्हणाले, "तू मेलेल्या माणसाला पाणी देतोयस."

"मेलेल्याला कुठं? कौसाबाईला देतोय."

"प्रोग्रामला ते माहीत नाही ना पण."

"प्रोग्रामला कशाला माहीत पाहिजे? मला माहीत हाय की."

आता यावर काय बोलावं? तू हे वाक्य इतक्या साधेपणानं बोललास की मी पर्स उचलली आणि स्टँडवर जाऊन एसटीत बसले. पण दत्ता, तिथंच तर सगळी मेख होती. लोक अजून म्हणतात, प्रोग्राम भारी भरवशाचा, इतक्या वर्षांत एक पाळी चुकली नाही. तो अडला की तू गाडीला किक मारून निघायचास, म्हणून चुकली नाही. अर्ध्या जेवणावरनं उठायचास. तुझ्या पोरीच्या बारशाला तू पाळण्याखाली लॅपटॉप उघडून बसला होतास, आणि बायका तुझ्या डोक्यावरनं घुगऱ्या पुढं देत होत्या. भरवसा तुझा होता, आणि नाव प्रोग्रामचं झालं.

पुढं चांदणीवाली माणसं वाढत गेली. वारसनोंदी रखडायच्या, आणि एकदा पाणी चालू आहे म्हटल्यावर नोंदीची घाई तरी कुणाला? आबाही चांदणी लावायला शिकले. कुणाची तिरडी उठली की आबा तिकडं खांदा द्यायचे आणि येताना संस्थेत जाऊन चांदणी लावून यायचे. सुतक फिटायच्या आधी माणूस परत सभासद.

मग त्या दोन भावांचं झालं. बाप गेलेला, नावापुढं चांदणी, मोबाइल थोरल्याच्या खिशात. मेसेज थोरल्याला यायचा, पाणी थोरला घ्यायचा. धाकट्याचा अर्धा तुकडा लागोपाठ दोन पाळ्या कोरडा राहिला आणि तिसऱ्या पाळीला बांधावर खोऱ्याचा दांडा थोरल्याच्या डोक्यात बसला. टाके पडले. मी तुला म्हणाले, "बघ. फोन ज्याच्या खिशात, पाणी त्याच्या रानात. हे तुझ्या चांदणीचं झालं."

तू त्या दोघांना हॉटेलात नेलंस, मिसळ खाऊ घातलीस, दोघांचे खांदे धरून काहीतरी बोललास. आल्यावर मेसेज दोन फोनवर जाईल अशी आणखी एक ठिगळपट्टी मारलीस आणि मला म्हणालास, "मिटलं." आणि खरंच मिटलं होतं! त्या दोघांनी पुढं एकत्र ट्रॅक्टर घेतला आणि पेढे आणून दिले. तुझी ठिगळं लागू पडायची, दत्ता, हाच माझा सगळ्यात मोठा वैताग होता. ती फाटली असती तर मी जिंकले असते. माझं म्हणणं बरोबर असूनही मी हरत राहिले, कारण माझं नीट व्हायला वेळ लागायचा आणि तुझं आज संध्याकाळी व्हायचं. तू चिडवायचास, "सुलीचं नीट होईस्तोवर उसाचं चिपाड होतंय." मी म्हणायचे, "तुझ्या जुगाडावर तुझ्याशिवाय कोण दारं धरणार?" तू म्हणायचास, "मी कुठं चाललोय?"

आता यावरही काय बोलावं?

छातीत जळजळतंय म्हणून तू खिशात पित्ताच्या गोळ्या ठेवायचास. दोन चघळायच्या आणि पुढच्या कामाला लागायचं. डॉक्टरकडं जा म्हटलं की 'हंगाम होऊ दे, मागनं जातो'. मला तुझा राग येतो, तो खरं तर याच गोळ्यांचा येतो. प्रोग्रामला ठिगळ लावलंस ते चाललं, कारण मागं तू होतास. स्वतःला ठिगळ लावलंस तेव्हा मागं कोण होतं? हे तुला तोंडावर विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तू विषय बदलला असतास, तेही मला माहीत आहे.

तेराव्यानंतर चार-दोन दिवसांनी रेखा दुकानात आली. पहिल्यांदाच एकटी आली. तुझी खुर्ची मी भिंतीकडं वळवून ठेवली होती, ती तिनं सरळ केली, पण बसली बाकड्यावर. पिशवीतनं तुझा फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. गेल्या पाळीच्या आदल्या दिवशी आलेला मेसेज होता: 'दत्तात्रय बाबूराव, उद्या सकाळी आपली पाळी आहे. दारे धरण्यास हजर राहावे.'

ते वाक्य मीच लिहिलं होतं. 'हजर राहावे' हे शुद्ध पाहिजे म्हणून तुझ्याशी हुज्जत घालून लिहिलं होतं.

"ताई," रेखा म्हणाली, "हजर ऱ्हावा म्हणतंय. कुठनं हजर करू?"

मी उठून तिला पाणी दिलं. मलाच प्यायला हवं होतं.

तिचं खरं दुखणं पुढं निघालं. पाळीला पाणी आलं होतं, दिरानं दारं धरली होती. तुझा भाऊ काही वाईट नाही. पण पाणी देऊन झाल्यावर तो म्हणाला, "वैनी, दादाचा फोन माझ्याकडंच राहू द्या. पाळीचा मेसेज येतो त्यावर, तुमाला कशाला ताप?" प्रेमानंच म्हणाला असेल. रेखानं फोन दिला नाही, पिशवीत घालून माझ्याकडं आणला. संस्थेतही ती जाऊन आली होती. तिथं आबा म्हणाले, वैनी, तुमचं नाव घालायची गरजच न्हाय, दत्ताचंच चालू ठिवलंय.

"सगळे माझ्यावर उपकारच करत्यात," रेखा म्हणाली. "पर मग मी कोण? त्यांचं नाव चालू, त्यांचा फोन चालू. आज दिराला फोन दिला न्हाय तर घरात रुसवा, दिला तर पाणी गेलं. आन माझा ऊस हाय ओ, पोरीच्या शाळेचा हाय. ताई, त्यांना काढा त्यातनं. मला घाला."

दत्ता, इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडले ते तत्त्वासाठी. नीटनेटकं असावं म्हणून. चांदणीवाल्या घरात तो मेसेज वाचताना कसं वाटत असेल, हे मला कधी सुचलं नाही आणि तुलाही नाही. त्या घरांनी सांगितलंही नाही. पाणी मिळतंय म्हटल्यावर कोण कशाला बोलेल?

मी आणि रेखा संस्थेत गेलो. आबा कॉम्प्युटरच्या शेजारीच बसले होते. त्यांनी त्याच्यावर तुझा फोटो लावलाय, हार घातलाय, उदबत्तीची राख कीबोर्डात पडतेय. मी आधी राख फुंकली. मग विषय काढला.

"म्याडम, तुमचं सगळं बराबर आसंल," आबा म्हणाले. "पर मी कावळ्याम्होरं शब्द दिलाय. सगळ्या गावानं ऐकलाय."

"आबा, पुढच्या पाळीला पाणी फोन धरणाऱ्याचं होईल. रेखाचं काय?"

"चांदणी लावलीया की मी. त्यो गेला त्याच दिवशी लावली. माझ्या हातानं. त्यानंच शिकवली व्हती मला." एवढं बोलले आणि डोळ्याला टोपी लावून बसले. ज्या माणसानं तुझ्यासाठी रडत रडत ती कळ दाबली, त्याला मी काय सांगू की आबा, तुमची नोंद चुकीची आहे?

रेखानं सांगितलं. खुर्ची पुढं ओढून ती म्हणाली, "आबा, तुमी शब्द कुणाला दिला?"

"दत्ताला."

"मग दत्ताच्या वतीनं मी तुमाला त्यातनं मोकळं करते. मी बायको हाय त्यांची. त्यांचं काय अडलंय, काय सुटलंय, ते आता मीच बघणार न्हाय तर कोण बघणार?"

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग हळूच म्हणाले, "आन कावळा?"

"कावळ्याला मी सांगते," रेखा म्हणाली.

दत्ता, मला हसू आलं. तुझ्या फोटोसमोर, त्या उदबत्तीच्या वासात, हसायला आलं आणि मग थांबेना, आणि आबाही हसायला लागले. मग आम्ही तिघंही डोळे पुसत बसलो.

सभेला फार वेळ लागला नाही. नियम असा ठरला, की सभासद गेला तर पाळी बंद होणार नाही. वारसनोंद होईपर्यंत जो प्रत्यक्ष दारं धरतो त्याच्या नावावर पाळी, आणि तो खरोखर धरतो का हे दोन्ही बांधकऱ्यांनी सांगायचं. बांधकऱ्याइतकं शेजारच्या रानातलं कुणाला कळतं? इतक्या वर्षांत हे आपल्याला दोघांना सुचलं नाही. तू टाइप करत बसलास, मी ठराव मागत बसले, आणि बांधकऱ्याला कुणी विचारलंच नाही.

मग मी तुझा प्रोग्राम उघडला.

काय रे हे! एका ठिगळावर दुसरं, दुसऱ्याला टाचलेलं तिसरं. कुठं एक ओळ सांगायला लिहिलेली नाही की हे का केलंय. मी एक बिनकामाचं वाटणारं काढलं, तर वरच्या वस्तीचे सगळे मेसेज बंद पडले. परत लावलं. तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग सवयीनं मान वळवली, विचारायला, की दत्ता, हे इथं कशाला घातलंयस? खुर्ची रिकामी होती. इतके दिवस मला वाटत होतं की माझं रडून झालंय.

सगळं पाडून नवं बांधायचं, हे माझं जुनं स्वप्न. आता मोकळं रान होतं, अडवणारं कुणी नव्हतं. पण खरं सांगू, बळच राहिलं नाही. शिवाय पाळी तोंडावर होती. मी एकच भिंत काढली. पाळी नावाची सोडवून जमिनीला बांधली, आणि 'दारं कोण धरतं' असा एक नवा रकाना घातला. चांदणी काढली. तुझी बाकीची ठिगळं आहेत तशी ठेवली, फक्त जिथं जिथं समजलं तिथं शेजारी लिहून ठेवलं, की हे दत्तानं अमक्यासाठी केलं होतं. जिथं समजलं नाही तिथं लिहिलं, 'माहीत नाही, काढू नये.' इंजिनिअरनं लिहावं असं ते वाक्य नाही. पण खोटंही नाही.

खरं काम त्यानंतर आलं. चांदणीवाल्या प्रत्येक घरी फोन करून विचारायचं, आता दारं कोण धरतं? आबांनी अर्धे फोन केले, मी अर्धे. एका घरी सुनेनं सांगितलं, "मीच धरते, पर नाव नवऱ्याचं लिवा." मी म्हणाले, धरतेस तू तर नाव तुझंच. मग हळूच तिनं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. एका म्हातारबांनी दम दिला, "आमच्या थोरल्याला काढू नगा. त्याच्या नावाला शेजारी अजून भितो." आणि बहुतेक घरांनी तुझीच आठवण काढली. तुझ्या त्या चांदणीनं त्यांना एक-दोन उन्हाळे तारून नेलं होतं, हे ते विसरले नव्हते. मी ऐकून घेतलं. आधी ऐकलं असतं तर वादच घातला असता.

कौसाबाई म्हणाल्या, "काढा बाई, नियम हाय तर. पर पाळीपाळीला तेवढंच त्येंचं नाव यायचं घरात. पोरं वाचून दावायची." मी फोन ठेवला आणि परत कॉम्प्युटरपुढं बसले. आता मेसेज असा जातो: 'सोपानरावांच्या रानाची पाळी. दारे धरणार: कौसाबाई.' दोन्ही नावं. हे ना कुठल्या नियमात बसतं, ना त्याची गरज होती. मी ते अर्ध्या तासात टाइप केलं आणि कुणाला विचारलं नाही.

सगळ्यांत शेवटी तुझं नाव राहिलं. मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. रेखाला फोन लावला आणि बाकीच्यांना विचारलं तसंच विचारलं, आवाज तसाच ठेवून. "दारं कोण धरतं?"

"मी," ती म्हणाली. "लिवा, ताई."

लिहिलं. 'मयत'ची खूण करून तारीख घातली. कळ दाबायला फार वेळ घेतला नाही, घेतला असता तर दाबली नसती.

पाळीच्या दिवशी सकाळी मी सणसरकडची गाडी धरली आणि तुझ्या वस्तीवर उतरले. आदल्या दिवशीचा मेसेज रेखाच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावानं आला होता. दीर थोडा फुगला होता, पण खोरं त्यानंच धार लावून दिलं होतं. रेखानं पदर खोचला, तुझी जुनी टोपी डोक्यावर घातली आणि पाण्यात उतरली. मी बांधावर. आपल्या प्रोग्रामचं पाणी प्रत्यक्ष सरीत शिरताना मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. उसात जाणारं पाणी आवाजसुद्धा करत नाही.

थोड्या वेळानं रेखा म्हणाली, "खालच्या सऱ्यांना पोचंना. कुठंतरी फुटलंय." आम्ही दोघी पाटाच्या कडंनं निघालो. वळणावर, खेकड्यांनी बांध पोखरला होता तिथं, पाणी झिरपत होतं. रेखानं वाकून हात घातला. भोकात चिंधी कोंबलेली होती, वरनं दगड. दगड सरकल्यानं ती सैल झाली होती. तिनं ओढली तशी ती लांबत गेली आणि बाहेर आली बाही. निळ्या चौकडीची. दुकानात तू तो शर्ट घालून कित्येक वर्षं माझ्याशेजारी बसलास. कोपरावर फाटल्यावर दिसेनासा झाला, तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं टाकला.

शर्ट सुटला तसं पाणी भसकन शेजारच्या रानात उसळलं. रेखानं घाईघाईनं तो परत आत कोंबला, टाचेनं दाबला आणि तशीच, त्याच्यावर पाय देऊन उभी राहिली. खालच्या सऱ्यांकडं पाणी हळूहळू सरकायला लागलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"सिमेंट आणून नीट बुजवायला पाहिजे," ती म्हणाली. "मला कळतंय, ताई. पर आज राहू दे. पुढल्या पाळीला बघू."

मी बांधावरनं खाली उतरले, चपला हातात घेऊन. खोरं घेतलं आणि तिच्या पायाभोवती चिखल ओढला, शर्टावर, दोन-तीन वेळा, घट्ट बसेल असा. मग तिनं पाय काढला.

शर्ट तिथंच आहे, दत्ता. आम्ही काढला नाही.